गच्चीवरची टिटवी

"पंधरा दिवस पुरे," असं पौर्णिमानं हुस्नाला छातीठोकपणे सांगितलं तेव्हा मे महिन्याची सोळा तारीख होती, आणि प्रश्न एवढाच होता की पौर्णिमा नेमकी कोणता पक्षी आहे.

आता इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण तुम्ही भलतीच समजूत करून घ्याल. पौर्णिमाच्या डोक्यात काही बिघाड नव्हता. ती प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाली होती आणि घरात साप निघाला तर अर्धं चौसाळा गाव काठी शोधायच्या आधी तिला हाक मारायचं. पण लहानपणापासून तिला वाटायचं की आपण आतून पक्षी आहोत. कधीतरी पंख फुटतील, असलं काही नव्हे. आरशात तिला माणूसच दिसायचा आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. फक्त माळावरून शाळेत जाताना डोक्यावरून थवा गेला की तिच्या खांद्यांच्या मागं काहीतरी हलायचं, आणि ती मान वर करून पहिली घंटा होऊन जाईपर्यंत उभी राहायची. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नाही.

मग यंदाच्या उन्हाळ्यात मोबाइलवर तिला कळलं की अशी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि त्यांना थेरियन म्हणतात. कुणी आतून लांडगा असतो, कुणी कोल्हा, कुणी मांजर. वाचताना तिला रडू आलं. बावीस वर्षं आपल्याला जे होतं त्याला एक शब्द आहे, याचं ते रडू होतं. डोळे पुसले आणि लगेच तिच्यातली बी.एस्सी. जागी झाली. नुसतं 'पक्षी' म्हणून कसं चालेल? पक्षी हा वर्ग झाला. प्रजाती कोणती?

हे सगळं तिनं एकट्या हुस्नाला सांगितलं. हुस्ना तिची कॉलेजची मैत्रीण. तीन वर्षं दोघी बीडच्या एकाच एसटीनं गेल्या-आल्या होत्या, आणि आता हुस्ना वडलांच्या, चाँदभाईंच्या, हायवेवरच्या फळांच्या दुकानात बसायची. तिनं शांतपणे एक पपई तोलून गिऱ्हाइकाला दिली आणि मग विचारलं, "गरुड निघालीस तर मी काय करू? फोटो काढू?"

पौर्णिमा म्हणाली, निष्कर्ष आधी ठरवायचा नसतो.

"मग ठीक हाय. मोबाइलवर बघ जाऊन, सगळ्यांनाच गरुड व्हायचंय. साळुंकी कुनालाच व्हायची न्हाई."

पौर्णिमाच्या हे मनाला लागलं, कारण तिच्या डोक्यात शिक्रा होता, गरुडाचाच धाकटा भाऊबंद.

तिनं वही घेतली, रकाने आखले आणि कामाला लागली. शिक्रा पहिल्याच दिवशी बाद झाला, कारण पंखा पुसायला स्टुलावर चढलं तरी तिचे पाय लटपटायचे. घारही त्याच कारणानं गेली. मासा खाल्ला की काटा घशात अडकलाच पाहिजे असा तिचा लौकिक होता, म्हणून खंड्या आणि बगळा गेले. रात्री साडेनऊला तिचे डोळे मिटायचे, त्यामुळे पिंगळ्याचा प्रश्नच नव्हता. मोर तिनं स्वतःच खोडला, कारण मावसभावाच्या वरातीत नाचायला ओढलं तेव्हा ती जेवणाच्या मंडपात जाऊन लपली होती. उरला तो जमिनीवर राहणारा, लांब पायांचा, जरा खुट्ट झालं की दचकणारा, झाडावर कधीही न बसणारा पक्षी. पौर्णिमाची उंची पाच फूट सात इंच होती आणि ती जन्मात झाडावर चढली नव्हती. चौदा गुणांपैकी अकरा जुळले.

टिटवी!

तिला थोडं वाईट वाटलं आणि मग बरं वाटलं. टिटवी ओरडू लागली की माळावर ती सगळ्यात जास्त वेळ थांबायची, हे तिला आठवलं. पण आठवण हा पुरावा नव्हे. तिनं प्रयोग ठरवला. रोज सूर्योदयाआधी आणि दिवस मावळताना गच्चीवर जायचं, टिटवीसारखं ओरडायचं आणि आत काय होतं ते लिहायचं. घर दुमजली होतं. वडील, सतीश, पंचायत समितीत कारकून. त्यांनी गेल्याच वर्षी वरचा मजला चढवला होता, आणि गच्चीला कमरेएवढा कठडा होता. खाली बसलं की रस्त्यावरून कुणाला दिसायची सोय नव्हती. घरात तिनं एवढंच सांगितलं की मी पक्षिनिरीक्षण करते आहे, वर कुणी यायचं नाही. आईला, वनमालाबाईंना, अंगणवाडीच्या नोंदींतून मान वर करायला वेळ नव्हता. त्यांनी मान डोलावली.

ओरडणं तिला चार दिवसांत इतकं जमलं की पाचव्या दिवशी गल्लीतलं कुत्रं कान टवकारून उभं राहिलं. मग तिनं प्रयोगाचा दुसरा भाग हाती घेतला. टिटवी घरटं बांधत नाही, जमिनीवरच खड्यांचं कडं करते आणि त्यात अंडी घालते. पौर्णिमानं गच्चीच्या कोपऱ्यात खड्यांचं कडं केलं. अंड्यांसाठी आईच्या टोपलीतले बटाटे घेतले. टिटवीचं अंडं साधारण बेचाळीस मिलिमीटर लांब आणि तीस रुंद असतं, म्हणून तिनं व्हर्नियर कॅलिपर लावून एकतीस बटाटे मोजले आणि त्यातले चार निवडले. त्यांच्यावर काळ्या शाईचे ठिपके काढले. आणि सहाव्या दिवशी पहाटे ती त्यांच्यावर अलगद उकिडवी बसली.

पहिल्यांदा पोटऱ्या भरून आल्या. मग पूर्वेकडे तांबूस होऊ लागलं, वारा फिरला आणि तिच्या खांद्यांच्या मागं ते हललं. इतकं स्पष्ट याआधी कधी हललं नव्हतं. तिनं वहीत वेळ लिहिली, पाच वाजून एक्केचाळीस मिनिटं, आणि पुढं काय लिहावं ते न सुचल्यामुळे नुसती बसून राहिली. प्रयोग इथंच संपवला असता तर ही गोष्ट झाली नसती.

शेजारचा नवनाथ त्याच दिवशी दुपारी आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला चढला. टाकीवरून त्याला सतीशरावांची गच्ची दिसली, कोपऱ्यातलं खड्यांचं कडं दिसलं, आणि त्यात चार ठिपकेदार अंडी दिसली. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ त्या गच्चीवरून टिटवी ओरडताना त्यानं ऐकली होतीच. त्यानं मोबाइलवर जवळ ओढून फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला: 'टिटवी दुमजली गच्चीवर. अंडी चार.'

बाहेरगावच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण आमच्याकडं टिटवीची अंडी म्हणजे पावसाचा अंदाज. टिटवीनं ओढ्याच्या तळाशी अंडी घातली तर पाऊस कमी, बांधावर घातली तर बरा, उंचावर घातली तर भरपूर. अंडी जितकी तितके महिने पाऊस. चौसाळ्यात आजवर माहीत असलेलं सगळ्यात उंच घरटं एका उकिरड्यावरचं होतं. दुमजली गच्ची म्हणजे विक्रमच झाला! संध्याकाळपर्यंत फोटो शेजारच्या चार गावांत फिरून चौसाळ्यात परत आला, आणि तेव्हा त्यात अंडी पाच आहेत असंही कुणी लिहिलं होतं.

पौर्णिमाच्या घरी माणसं येऊ लागली. टिटवीला सवयीची झालेली पौर्णिमा सोडली तर वर मात्र कुणी चढलं नाही. अंड्यांजवळ माणूस गेला तर टिटवी ती सोडून जाते आणि पावसाचं सगळं बिनसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभं राहून वर बघायचे आणि चहा पिऊन जायचे. सतीशरावांचा शकुन-अपशकुनावर काडीचा विश्वास नव्हता. पण पाऊस शकुनात मोडत नाही, असं त्यांचं मत पडलं, आणि तेही जिन्यात हळू बोलू लागले.

पौर्णिमानं त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं, हे तुम्हाला कळतं. तिलाही कळत होतं. पण ते बटाटे आहेत असं सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच असता, ते तिथं कशाला ठेवलेस? आणि त्या प्रश्नाचं उत्तर जिन्यात चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या अकरा माणसांसमोर द्यायचं होतं.

तिनं दुसरा मार्ग काढला. ओरडणं बंद केलं. टिटवी ऐकू येईनाशी झाली की लोक विसरतील, असा तिचा हिशेब. एक सकाळ ती गप्प राहिली. नऊच्या सुमाराला नवनाथनं ग्रुपवर लिहिलं की आज टिटवी बोलली नाही, आणि दहापर्यंत गावात मयत झाल्यासारखं वातावरण झालं. अंडी सोडून गेली का? कुणी वर गेलं होतं का? वनमालाबाईंना तर अंगणवाडीच्या दारातच दोघींनी अडवून विचारलं. दिवस मावळताना पौर्णिमा गुपचूप गच्चीवर गेली आणि ओरडली. खालच्या गल्लीत कुणीतरी चक्क टाळी वाजवली. त्या दिवसापासून तिला दोन वेळची नोकरीच लागली, आणि नवनाथ ग्रुपवर हजेरी मांडू लागला: 'आज ५:४८ ला बोलली.'

यात तिला थोडी गंमतही वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही.

ती गंमत जून महिन्याच्या एक तारखेला संपली. त्या दिवशी शहादेवकाका आले. मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि ओढ्याकाठी तीन एकर रान. त्यांची बायको पारूबाई दर उन्हाळ्यात घरचं सोयाबीनचं बियाणं दाणा दाणा निवडायची. फुटका दाणा, सुरकुतलेला दाणा बाजूला. यंदाही दोन महिने ती सुपात मान घालून बसली होती. एप्रिलमध्ये पौर्णिमानंच त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली होती. शंभरात सत्त्याऐंशी उगवले तेव्हा पारूबाईनं तिला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

शहादेवकाका जिन्यापाशी गेले नाहीत. ओसरीत बसले, सतीशरावांशी जयभीम झाला, आणि मग ते थेट पौर्णिमाकडं वळले. पाऊस असा भरवशाचा असेल तर पावसाआधीच कोरड्यात पेरून मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. पहिल्या पावसाला सगळं रान एकदम उगवून येतं. पण लोकांच्या सांगण्यावर त्यांना बियाणं मातीत घालायचं नव्हतं.

"लोकं काय, कायबी बोलतेत," ते म्हणाले. "तू शिकलेली हायस. तू रोज वर जातीस. तू सांग."

पौर्णिमा म्हणाली, "काका, टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस कळत नाही. त्याला काही आधार नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. फक्त काकांनी ते विचारलं नव्हतं.

काका हसले. "ते तुमच्या पुस्तकात नसंल. पर अंडी हायत ना वर? तू सोता बघितलीस?"

"हं," पौर्णिमा म्हणाली.

एवढंच. आजही ती तो 'हं' आठवते तेव्हा तिला वाटतं, एवढीशी हवा तोंडातून बाहेर पडली, ती परत घेता आली असती. काका उंबरा ओलांडेपर्यंत तरी. काका चपला घालत होते. एका चपलेचा अंगठा निघाला होता आणि तो बसवायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढ्यात ती दहा वेळा बोलू शकली असती.

दुपारी तिनं दुकानात जाऊन हुस्नाला सगळं सांगितलं. हुस्ना हसली नाही. पेरणी कधी आहे, एवढंच तिनं विचारलं. पाच तारखेला, काका जाताना सांगून गेलेत, पौर्णिमा म्हणाली.

"मग चार दिस हायेत. आज जाऊन सांग."

पौर्णिमानं आज नाही सांगितलं. दोन तारखेला काका बाजाराला गेले होते. तीन तारखेला ते घरी होते, पण त्यांच्याकडं पाहुणे होते. चार तारखेला ती त्यांच्या दारापर्यंत गेली. पारूबाई बियाण्याला औषध चोळत बसली होती. औषधाच्या रंगानं हात लालभडक झाले होते, आणि तिनं इतक्या आनंदानं "ये गं" म्हटलं की पौर्णिमा पाणी पिऊन परत आली. पाच तारखेला सकाळी काकांनी बैल जुंपले. बाकी गावानं पेरलं नाही, कारण पेरणीच्या ट्रॅक्टरचा नंबर लागत नव्हता. बैल असलेले आणि पौर्णिमावर विश्वास ठेवणारे असे शहादेवकाका एकटेच होते.

आठ तारखेला पाऊस आला, मोजून वीस मिनिटं. माती वरच्या वर भिजली, दाणे फुगले आणि चौथ्या दिवशी तीन एकरांत हिरव्या रेघा उमटल्या. ग्रुपवर टिटवीला हात जोडण्यात आले. पौर्णिमालाही एक दिवस वाटलं की निभावलं. पुढं बावीस दिवस झाले तरी पाऊस आला नाही. आभाळ धुतल्यासारखं निळं राहिलं. रोपांच्या पहिल्या दोन पानांनी माना टाकल्या, मग रेघा पिवळ्या झाल्या, मग तपकिरी, आणि मग त्या रेघा होत्या हेही सांगावं लागलं असतं.

तीस जूनला सकाळी पौर्णिमानं ते चार बटाटे पिशवीत घातले आणि रानात गेली. बटाटे सुरकुतले होते, पण गच्चीवरच्या उन्हात राहूनही त्यांना बोटभर कोंब फुटले होते. तेवढंच काय ते त्या हंगामात चांगलं उगवलं.

काका आणि पारूबाई बांधावर बसले होते. पौर्णिमानं पिशवी त्यांच्यापुढं उपडी केली.

"ही अंडी," ती म्हणाली. "आणि टिटवी मी होते."

काका बटाट्यांवर वाकले. पारूबाईनं एक उचलला, ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"सकाळचं वरडायची ती तू?"

पौर्णिमानं मान हलवली.

"आन् संध्याकाळी?"

"मीच."

"कावून गं, बाई?"

पौर्णिमानं सांगितलं. जसं हुस्नाला सांगितलं होतं तसंच, माळावरच्या शाळेच्या वाटेपासून. ती अर्ध्यावर असताना काकांनी तंबाखू मळायची थांबवली. सांगणं संपल्यावर त्यांनी ती तशीच खाली टाकली. पारूबाईच म्हणाली की तिच्या चुलत्याला म्हातारपणी आपण बैल आहोत असं वाटायचं, पण त्यानं कुणाचं रान नासवलं नव्हतं. हे ती रागानं म्हणाली नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं.

मग काकांनी ओढ्याकडं बोट केलं. "खरी टिटवी तिथं तळाला बसली हुती. मी सोता बघितली. पर म्हनलं, ही खालची. तुमची वर हाय, तिचंच धरावं."

पौर्णिमाच्या ओठांवर आलं होतं की एका घरट्यावरून काही सिद्ध होत नाही. तिनं ओठ मिटून घेतले.

"एक सांगू का, पोरी," काका म्हणाले. "तू टिटवी न्हाईस. टिटवीला नुसती मांजराची सावली दिसली तरी ती सगळं रान उठवती. तुला चार दिस माहीत हुतं, आन् तू गप बसलीस."

चौदा गुणांच्या तक्त्यात हा गुण तिनं घेतलाच नव्हता.

गावात काकांनी काही सांगितलं नाही. नवनाथनं विचारलं की टिटवी कुठं गेली, तर ते म्हणाले, पिलं काढून उडून गेली. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर पौर्णिमाला जेवण गेलं असतं.

पाऊस आला तो जुलैच्या सहा तारखेला. दुसऱ्या पेरणीचं बियाणं पारूबाईच्या भावाकडून, कडा गावाहून आलं. पौर्णिमानं त्याची उगवण तपासली. शंभरात एकसष्ट. दाट पेरावं लागेल, असं तिनं सांगितलं, आणि पारूबाईनं मान हलवली. दाण्यांत सुरकुतलेले पुष्कळ होते. ते निवडायला आता दोन महिने नव्हते.

पेरणीच्या दिवशी काकांनी तिच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी दिली. कोंब वर येताना पारवे आणि होले ते उपटून खातात, म्हणून आठ-दहा दिवस सकाळी राखण लागते. ओरडायची सवय तुला आहेच, असं काका म्हणाले. त्यात टोमणा होता की नाही, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

ती रोज सहाला जाऊन बांधावर बसली. एकसष्टातला एकही दाणा कमी होऊ द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. थवा उतरला, पंखांचा तो आवाज झाला की तिच्या खांद्यांच्या मागं अजूनही हलायचं. त्याच क्षणी उठून डबा बडवावा लागायचा. पारवे जायचे, होले जायचे, दुरून कावळेसुद्धा वाट बदलायचे. पाचव्या दिवशी हुस्ना दोन केळी घेऊन बघायला आली आणि तिनं हळूच विचारलं, की मग ठरलं का काही?

पौर्णिमा उत्तर द्यायला उभी राहिली, तेवढ्यात ओढ्यातली ती खरी टिटवी उठली आणि दोघींच्या डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांतानं ओरडू लागली. त्या ओरडण्याचा अर्थ पौर्णिमानं परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिला होता. जमिनीवरून शत्रू आला, सावध व्हा. टिटवी हुस्नाकडं बघतसुद्धा नव्हती. ती पौर्णिमाच्या मागंच लागली होती, आणि पौर्णिमा कोणत्या प्रजातीची आहे याबद्दल तिला तरी काडीचीही शंका दिसत नव्हती.